काकीच्या अंगणातली मेथी

काकीला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. भाईंदरला आमचं आणि काकांचं घर भिंतीला भिंत लावून होतं. आई-बाबा मिठागरात गेले की धाकट्या बहिणीला सांभाळायचं काम माझ्याकडे. ती तीनेक वर्षांची, सदा रडवी. तिला गप्प करायला एकच औषध होतं, चिखल. परसात पाणी ओतायचं आणि तिला त्यात सोडायचं. मग चिखलाच्या भाकऱ्या थापायच्या, चिखलाची म्हैस करायची, उरलेला एकमेकींच्या तोंडाला फासायचा. आजोळी, समुद्राकाठी, वाळूत मेथी पेरायची रीत होती. तिथून फडक्यात वाळू बांधून आणली, धाकटीच्या एका भाकरीवर मेथीदाणे पसरले, वर वाळू भुरभुरली आणि रोज पाणी शिंपडायचं काम तिला दिलं. चार दिवसांत कोंब वर आले. पोरगी हरखून गेली. उठली की तोंड न धुता तिथे जाऊन बसायची आणि मेथीशी गप्पा मारायची.

काकीला हे बघवेना. तिचं अंगण गावात नावाजलेलं; कोंबडीनेही पाय पुसूनच यावं अशी तिची अपेक्षा. एके दिवशी वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याला आमचे हात लागले.

"ही पोरां न्हाय, डुकरां हायेत!" म्हणत ती परसात आली. माझ्या थोबाडीत दिली. ते मी गिळलं असतं. पण मग तिने ती मेथी टाचेखाली रगडली, सावकाश, धाकटीच्या डोळ्यांदेखत.

धाकटी रडली नाही. "तिला लागलं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती मातीला हात लावेना. चिखल केला तर हात पाठीमागे लपवायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची. माझी रडकी, हसरी, बडबडी बहीण मुकी झाली. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "मोठ्या जावेला मी काय बोलणार?" ठीक आहे, मी ठरवलं, आपण बघू.

पाऊस सरला. दिवाळीआधी आमच्याकडे अंगण नव्याने करतात. माती खणायची, भिजवायची, पायांनी तुडवायची, चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायचं. भाऊबीजेला काकीचे भाऊ येणार, म्हणजे अंगण आरशासारखं हवं. तिने मला हाक मारली.

"चिखलाची लय हौस हाय ना? ये, तुडव आता!"

शिक्षा होती ती. मी मान खाली घालून तुडवत राहिले, गरीब गायीसारखी. ओच्यात आईच्या डब्यातली मेथी होती. वरचा थर तुडवताना ती सगळी चिखलात गेली. काकीने अंगण चोपलं, सारवलं, आणि भेगा पडू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी शिंपडलं. शत्रूने इतकी सेवा कुणाची केली नसेल.

भाऊबीजेला तिचे भाऊ आले आणि अंगणाच्या कडेलाच थांबले. रातोरात सगळीकडे हिरवे कोंब फुटले होते.

"ताई, औंदा अंगणातच शेती केलीस काय?"

भाऊ हसले, शेजारच्या बाया हसल्या. मी तर पोट धरून हसले, आतल्या आत. काकी लालबुंद झाली. माझ्याकडे बघितलं आणि समजली. पण बोलणार काय? तुडवायला तिनेच बोलावलं होतं. तिने लुगडं वर धरलं आणि टाच उचलली.

तेवढ्यात धाकटी उंबऱ्यावरून उतरली. काकीच्या पायाशी बसली आणि कोंबांवर हात धरला.

"काकी, पाय नको देऊ. लागंल तिला."

थोरल्या भावाने वहाणा काढल्या आणि भिंतीला लागून कडेकडेने तो घरात गेला. त्याच्यामागून दुसरा. शेवटी काकीलाही पाय मागे घ्यावा लागला. ओवाळणीचं ताट घेऊन ती स्वतःच्याच अंगणात चोरासारखी कडेने चालली. मला तिची दया आली नाही, आजही येत नाही.

धाकटीने दोन्ही हात मातीत घातले होते. "पाणी आण," ती म्हणाली. मी काकीच्याच रांजणातलं आणलं.