मामांच्या तळव्याचा फोटो

मामांच्या गालावरचा तीळ निर्दोष सुटला.

रिपोर्ट माझ्या हातात होता. मामा खुर्चीत बसले होते. औषधं घ्यायला आलेली चार-पाच माणसं कोर्टात निकाल ऐकायला थांबावीत तशी काउंटरपाशी थांबली होती. अशी गर्दी मिळाली की मला राहवत नाही. घसा साफ करून मी वाचलं, "साधा तीळ. काळजीचं कारण नाही."

मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मी काय मनत होतो? सत्तर वर्षं झाली त्या तिळाला. माझ्याबी आधी जन्मला आसंल."

लोक हसले. मी रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांना दिला. मामा दुपारच्या एसटीनं त्यांच्या गावी, पाचोडला गेले. सगळं इतकं सुरळीत झालं, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शहागंजात माझं मेडिकल आहे. सव्वीस वर्षं मी औषधं देतोय आणि सव्वीस वर्षं लोक मला डॉक्टर म्हणतायत. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. आता वय झालं. या प्रकरणाच्या दोन महिने आधी एका कंपनीनं माझ्या दुकानात त्वचा तपासणीचं मशीन बसवलं. मशीन हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं काही नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर अडकवायचं बाटलीच्या झाकणाएवढं भिंग, त्यात बारीक दिवे. उघड्या डोळ्यांना कातडीची नुसती चमक दिसते. हे भिंग ती चमक काढून टाकतं, मग आत रंग कुठं आणि कसा बसलाय ते दिसतं. तो फोटो त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो आणि दोन दिवसांत त्यांचा रिपोर्ट येतो. म्हणजे यात मी फोटोग्राफर. बाकी अधिकार शून्य.

कंपनीनं दुकानाच्या दारात पुठ्ठ्याची एक बाई उभी केली. दुधासारखी गोरी, गालावर हात ठेवलेली. पहिल्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकानं तिच्याकडे बोट दाखवून एकच विचारलं, "स्कॅन केल्यावर इतकं उजळतं का?" एक काकू गालावरचे वांग तपासायला आल्या, त्या पावडर, लिपस्टिक आणि गजरा लावून. फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस तयार होऊनच येणार. मी म्हणालो, तोंड धुऊन या. त्या ज्या गेल्या त्या गेल्याच.

कंपनीचा एरिया एक्झिक्युटिव्ह दर आठवड्याला पुण्याहून यायचा. नाव चिन्मय. टाय, टॅबलेट, आणि आयुष्यात एकदाही चिखल न पाहिलेले बूट. "सर, आपल्याला कस्टमरची स्किन जर्नी समजून घ्यायचीय," असं तो म्हणायचा. माझी असिस्टंट फार्मासिस्ट नसरीन त्याच्याकडे अशी बघायची, जसं आपण एक्स्पायरी झालेल्या सिरपकडे बघतो.

तर मामा गावी गेले. तीन आठवड्यांनी मामींचा फोन आला.

"बापू, त्यो रिपोर्ट चांगला आला मनं?"

"एकदम चांगला, मामी. तीळ साधा आहे."

"तीळ?" मामी म्हणाल्या. "तिळाचं कुणी इच्यारलं? तळपायाला काळं पडलंय ना त्यांच्या. त्याच्यासाठीच तर धाडलं होतं तुज्याकडं. रोज मोरीत बसून वजरीनं घासत्यात. जात नाय. उलट वाढलंय."

फोटो काढायच्या आधी आम्ही एक फॉर्म भरतो. त्यात प्रश्न असतो, 'शरीरावर आणखी कुठे डाग किंवा बदल?' मामांचा फॉर्म मी ड्रॉवरमधून काढला. त्या प्रश्नापुढं माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. मी विचारलंच नव्हतं. घरचा माणूस, त्याला काय विचारायचं? परक्या गिऱ्हाइकाला मी हा प्रश्न दोनदा विचारतो.

आठवडी बाजाराचा दिवस उरकून मग मामा आले, तेही मामींनी एसटीत बसवून दिलं म्हणून. योगायोगानं त्या दिवशी चिन्मयही दुकानात होता आणि पुठ्ठ्याची बाई दाराच्या डाव्या बाजूला जास्त 'इफेक्टिव्ह' दिसेल की उजव्या, याचा अभ्यास करत होता.

"मामा, पाय दाखवा," मी म्हणालो.

"काहून?"

"मामींनी सांगितलंय."

"त्या येडीला काय कळतंय! बिब्बा लावला होता काट्यावर. त्याचा डाग हाय."

बिब्बा म्हणजे आमच्याकडचं गावठी औषध. काटा मोडला, कुरूप झालं की गरम करून लावतात. कातडी काळी पडते हे खरं. पण काही आठवड्यांत ती कातडी निघून जाते.

"कधी लावला होता?"

"थोरलीच्या लग्नात."

थोरलीचा मुलगा आता दुसरीत आहे.

मी स्टूल पुढं ओढलं आणि त्यांच्या पायाकडे हात नेला. मामांनी विजेचा झटका बसल्यासारखा पाय खुर्चीखाली ओढला.

"खबरदार! भाच्यानं मामाच्या पायाला हात लावायचा? मला नरकात धाडतो का?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या मराठवाड्यात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो. मी पाळण्यात होतो तेव्हापासून हा माणूस माझ्यापुढं वाकतोय. आज माझे केस पांढरे झालेत आणि माझ्या गुडघ्यांवर त्यांच्यापेक्षा जास्त मलम लागतं, तरी दिवाळीला तेच वाकतात. त्यांच्या पायाला माझा हात लागणं म्हणजे त्यांच्या हिशेबी घोर पाप. आणि पाप टाळण्यासाठी ते मरायलाही तयार होते. त्या दिवशी ही अतिशयोक्ती नव्हती, इतकंच.

"हात नाही लावत. नुसतं भिंग टेकवतो."

"भिंग तुज्याच हातात ना? मग हातच लागला."

युक्तिवाद बिनतोड होता. नसरीन पुढं आली. "मामू, मैं लेतूँ ना फोटू. दो मिनट का काम है."

मामांनी तिच्याकडं प्रेमानं बघितलं. "बेटी, तू काय मनलीस मला?"

"मामू."

"मग तूबी भाचीच झालीस. नक्को."

नसरीनचा चेहरा बघण्यासारखा होता. शहागंजात वाढलेली मुलगी, अर्ध्या बाजाराशी रोज भांडते, आणि एका शब्दात बाद! मी नजर फिरवली. दुकानातला प्रत्येक माणूस त्यांना मामा म्हणायचा. हिशेब बघणारे कुलकर्णी, समोरचा चहावाला, सगळे. हा माणूस जाईल तिथं भाचे करून ठेवायचा. मला पहिल्यांदाच जाणवलं, की ते घाबरलेत. आवाज चढलेला होता, पण पाय ते खुर्चीखाली आणखी आत ओढत होते. रीत खरीच होती. तिच्यामागं लपायला मात्र भरपूर जागा होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अंकल, एनी प्रॉब्लेम?"

मी आणि नसरीननं एकदम चिन्मयकडं बघितलं. नंतर तो म्हणाला, की आमच्या नजरेनं त्याला बळीच्या बोकडासारखं वाटलं.

"मामा," मी म्हणालो, "हा तुम्हाला अंकल म्हणतो."

मामा विचारात पडले. मग सरसावून बसले आणि उलटतपासणी सुरू झाली.

"तुजं गाव?"

"पुणे, अंकल."

"आईचं माहेर?"

"तेही पुणेच."

"पैठण, अंबड, पाचोड, इकडं कुणी सोयरं?"

"कोणीच नाही."

"दौलताबादला?"

"किल्ला पाहिलाय, अंकल."

मामांनी सुस्कारा सोडला. "अंकल चालतंय. अंकल मंजे कुणीच नाय. ये फुडं."

मग शहागंजानं एक दृश्य पाहिलं. टाय खांद्यावर टाकून एरिया एक्झिक्युटिव्ह माझ्या दुकानाच्या फरशीवर बसला होता. मांडीवर पाचोडच्या शेतातून आलेला पाय होता. भेगा, माती आणि बाभळीच्या काट्यांच्या खुणांसकट. त्यानं आजवर जे मशीन एवढ्या दुकानांना विकलं, ते कधी माणसावर वापरलंच नव्हतं. कॅमेरा कुठून सुरू करायचा हेही नसरीनला सांगावं लागलं. "पैले स्पिरिट से पोंछो. हाँ. अब भिंग टेकाओ. इत्ता जोर से नक्को, पाँव है वो, ठप्पा नै मारना!"

"सर, माझा हात हलतोय," चिन्मय म्हणाला.

"कस्टमर जर्नी आहे," मी म्हणालो. "धीर धरा."

पोरानं पाच फोटो काढले. एकही वाकडा आला नाही. तेवढं श्रेय द्यायला हवं.

मी फोटो स्क्रीनवर मोठा केला. तळव्याला बोटांच्या ठशासारख्या रेषा असतात. खोलगट आणि उंच, आलटून पालटून. एवढं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, की रंग खोलगट रेषांत साचला तर सहसा घाबरायचं नसतं, उंच रेषांवर चढला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. मामांचा डाग टाचेच्या पुढं होता, आठ आण्याच्या नाण्याहून थोडा मोठा. रंग उंच रेषांवर चढून बसला होता. निदान करायचा मला अधिकार नाही. मी मामांसाठी चहा मागवला.

एरवी रिपोर्टला दोन दिवस लागतात. त्या दिवशी चहा संपायच्या आत डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"हा पाय कोणाचा?"

"माझ्या मामांचा."

"शहरात आहेत का अजून?"

"समोरच बसलेत."

"मग त्यांना गावी जाऊ देऊ नका. उद्या सकाळी बायोप्सी करू."

बायोप्सी म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासायचा. तो तपासला. मेलानोमा निघाला, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. पाय कापावा लागला नाही, कारण कॅन्सर अजून वरच्या थरातच होता, खोल उतरला नव्हता. डॉक्टरांनी डाग आजूबाजूच्या कातडीसकट काढला आणि मांडीची कातडी काढून तिथं लावली. "आता मी मांडीवर चालतो," असं मामा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. ऑपरेशनच्या आधी मात्र त्यांनी सर्जनना विचारून घेतलं होतं, "सायेब, तुमची आई कुठली?"

चिन्मय आता आला की पहिल्यांदा मामांची चौकशी करतो. 'स्किन जर्नी' हा शब्द त्याच्या तोंडून गेलाय. पुठ्ठ्याची बाई आम्ही गोदामात ठेवली. तिला तिथं कोणी उजळपणाबद्दल विचारत नाही.

मामांच्या पायाची आता दर काही महिन्यांनी तपासणी असते. ती ते अंकल म्हणणाऱ्या कोणाकडूनही करून घेतात. मधल्या काळासाठी आम्ही वेगळी व्यवस्था केलीय. या दिवाळीला मामा दुकानात आले, चप्पल काढली, गुडघे टेकले आणि रीतीप्रमाणे माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माणूस असा वाकला की त्याचे दोन्ही तळवे मागं उताणे होतात. मी आशीर्वाद जरा लांबवला. मामांच्या मागं नसरीन मोबाईलची बॅटरी लावून उभी होती. तिनं नीट बघितलं आणि मला मान हलवून खूण केली, ठीक आहे.

"आरं, किती लांबण लावतो?" मामा खालून म्हणाले.

भिंग आपण दाखवू तेवढंच बघतं. म्हणून फॉर्मवरचा तो प्रश्न मी आता तीनदा विचारतो, आणि नातेवाईक असेल तर चार वेळा.