पाकोळीच्या वैऱ्यासाठी पिंपळगावपर्यंत

रविवार, २२ ऑगस्ट १९८२, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मी उसात उभा राहून एका पानाखालच्या पाकोळ्या मोजत होतो. त्रेचाळीस झाल्या आणि पुढची उडून माझ्या कानात शिरली. जायचं तेव्हाच ठरलं.

पाकोळी म्हणजे गवताच्या रंगाची, चोच पुढे काढलेली कीड. पानाचा रस पिते, खाली चिकट पाणी टाकते, त्यावर काळी बुरशी चढते. बुधवारी वडील भाड्याचा पंप आणून औषध मारणार होते. ऊस डोक्यावर गेलेला, त्यामुळे औषध तोंडावरच पडतं. मागच्या वर्षी ते दोन दिवस ओकत होते. कारखान्याचा स्लिपबॉय, म्हणजे उसाची नोंद घेणारा माणूस, म्हणाला होता की पाकोळीला खाणारा एक मित्रकिडा निफाडकडे आहे. त्याचे कोष असलेली पानं आणून आपल्या उसाला टाचा. त्याने स्वतः तो पाहिला नव्हता. पण सर्क्युलर आलं होतं.

निफाडकडे आमचे मामा राहतात. सटाण्याहून देवळ्यामार्गे पिंपळगाव, एसटीचे सहा रुपये. खिडकीशी बसू नका, काच लागत नाही. स्टँडसमोर मिसळ दीड रुपया, तर्री मागून घ्यावी लागते. पुढे मामांच्या गावापर्यंत चार किलोमीटर चिखल. चपला हातात घ्याव्यात.

मामांना कामाचं खरं सांगितलं, ही माझी चूक. मित्रकिडा राहतो तो पाकोळीच्याच जिवावर, आणि आपल्या उसाला कीड आहे हे आमच्याकडे कोणी कबूल करत नाही.

"माझ्या उसात पाकोळी? भाचेबुवा, दहावीला बसला असता तर अक्कल आली असती."

"बसलो होतो, मामा."

"मग उठायचं नव्हतं."

मामा जेवून लवंडले तशा मामी विळा घेऊन उठल्या. "चल खालच्या बांधाला. तिकडून आलं की लुगडं काकवी सांडल्यागत चिकटतंय, आन हे म्हणत्यात कीड नाय."

कापसासारखा पुंजका ही पाकोळीची अंडी, तांदळाएवढा पांढरा दाणा हा मित्राचा कोष, असं मी वहीत लिहून नेलं होतं. मी वही उघडेपर्यंत मामींनी चार कोष शोधले. एकूण अकरा.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "ती वैरण टपावर टाका."

"वैरण नाही, किडे आहेत."

देवळ्यापर्यंत अख्खं बाकडं मला मिळालं. गर्दीच्या दिवशी करून बघा.

घरी वडिलांनी विचारलं, "अकरा? आन पाकोळ्या किती?"

"एका पानावर त्रेचाळीस."

ते इतके हसले की आईने पाणी आणून दिलं. मी बाभळीच्या काट्यांनी पानं टाचत होतो, तर शेजारचे अण्णा बांधावरून विचारून गेले, लग्न कोणाकडचं.

बुधवारी पंपवाला दारात आला. वडील माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. अकरा पाव्हणे आलेत."

आज तीन आठवडे झाले. कोष फुटले, नवे चौदा दिसले. ऊस किती वाचेल ते मी छातीठोक सांगणार नाही. मामांनी मात्र मी निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी रानभर औषधाची भुकटी मारली, नसलेल्या किडीवर. मित्रकिडा गेला, आणि मामा दोन दिवस अंथरुणाला खिळले. आमचे वडील त्या बुधवारी तीन भाकरी जेवले.