चार मिनिटांचा गणपती

सोमवारी सकाळी दहा वाजता क्लासमधला फोन वाजला, तेव्हा मी चांगल्याच गुर्मीत होते. नाशिकरोडच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत असे. अख्ख्या भागात वेबसाइट बनवता येते ती फक्त आपल्याला, असा माझा समज होता आणि तो खोडणारं तोवर कोणी भेटलं नव्हतं. फोनवर मुंबईच्या एक बाई होत्या. परदेशातल्या एका प्रदर्शनासाठी त्या हातमागावरचे विणकर निवडत होत्या. तुमची साइट उघडत नाही, माझा चहा पिऊन झाला तरी पडदा पांढराच, असं त्या शांतपणे म्हणाल्या. एक वाजता पुन्हा एकदा बघून फोन करेन, त्यानंतर निवडलेल्यांची यादी पुढे जाईल, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ज्यांची ती साइट, ते येवल्याचे विणकर माझ्या समोरच बसले होते. आपली वेबसाइट बघायला ते सकाळच्या पहिल्या एसटीने आले होते. पन्नाशीचे गृहस्थ, तीस वर्षं पैठणी विणत आलेले. पदरावरचे मोर, वेली, पोपट ते स्वतः ग्राफच्या कागदावर एकेक चौकट भरून काढत, पण रेशीम दुकानदाराचं आणि साडीही त्याच्याच नावाने जायची. काम सोपवताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, की एकदा तरी आपलं काम आपल्या नावानं बाहेर जाऊ दे.

आणि मी त्यांच्या नावाचा थाटमाट केला होता. सगळ्यात वर गणपती, मागे फिरणारी प्रभावळ. शुभ कामाची सुरुवात दुसऱ्या कशाने करणार? त्याखाली सोनेरी, लखलखणाऱ्या अक्षरांत त्यांचं नाव. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसते ठोकळे होऊन दिसत, म्हणून नावाचंही चित्रच केलं होतं. पार्श्वभूमीला जरीचा पोत, पान उघडताच सनई, आणि खाली बारा पैठण्या, सगळ्या पूर्ण उलगडून काढलेले फोटो. माझ्या कॉम्प्युटरवर हे सगळं पापणी लवायच्या आत उघडायचं. उघडणारच, ते त्याच्याच पोटात होतं. साइट इंटरनेटवर चढवल्यावर तिथून एकदा उघडून बघावी, हे माझ्यासारख्या विद्वान बाईला सुचलंच नव्हतं.

आता सुचलं. मोडेमने किंचाळून लाइन जोडली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. आधी मुकुटाची एक पट्टी आली. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी पट्टी, मग कपाळ. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे चोरून बघत होते. सोंडेपर्यंत यायला चार मिनिटं लागली आणि तिथेच लाइन तुटली. विणकरकाकांनी सवयीने जोडलेले हात हळूच खाली घेतले.

"ताई," ते म्हणाले, "गिऱ्हाईक दारातच ताटकळलंय. आपन त्याला पदर दावलाच नाय."

मला राग आला, बहुतेक ते खरं होतं म्हणून. मग कसं दाखवायचं, असं मी जरा तुटकच विचारलं. ते मात्र समजावल्यासारखं सांगत गेले. घरी कोणी साडी बघायला आलं की अख्खी साडी कधीच उलगडायची नाही. घडी तशीच ठेवायची, वरचा पदर तेवढा वीतभर उघडायचा. नजर तिथे थांबली तर पुढची घडी. नाही थांबली तर दुसरी साडी काढायची. सगळं एकदम उघडलं की माणूस गांगरतो आणि उठून जातो.

साडेदहा झाले होते. मी सनई काढली. जरीचा पोत काढला, मागे साधा पांढरा रंग ठेवला. बारा साड्यांतल्या पाच त्यांनी निवडल्या. प्रत्येकीच्या पदराचा छोटासा तुकडा कापून घेतला. त्यावर क्लिक केलं तरच मोठा फोटो. फोटोंचं वजन, म्हणजे फाइलचा आकार, घटवताना मोराच्या मानेचा रंग फाटू लागला की ते "हितं थांबा" म्हणत. मग जे जे हलत होतं, लखलखत होतं, ते मी धडाधड उडवलं. उरला गणपती. तो सगळ्यात जड होता आणि सगळ्यांच्या आधी उभा होता.

"काका, गणपती काढावा लागेल."

"पयल्यांदा भायेर चाल्लोय," ते म्हणाले, "आन गणपती काढून?"

मग बसू दे त्याला आणि यादीवर पाणी सोडा, असं मी फटकन बोलून गेले. त्यांचा चेहरा उतरला. मला स्वतःची लाज वाटली. बारा वाजत आले होते. मग त्यांनी पिशवीतून ग्राफचा कागद काढला, पेन्सिल घेतली आणि चौकटी मोजत एक 'श्री' काढला. सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या, रंग एकच. मी तो कॉम्प्युटरवरच्या पेंटमध्ये चौकटीला चौकट लावून भरला. वजन बघितलं तर जवळपास शून्य.

पान चढवायला घेतलं. मोडेम आणि फोन एकाच लाइनवर, त्यामुळे आम्ही चढवत असताना बाईंचा फोन आला असता तर त्यांना एंगेज लागला असता. दोनदा लाइन तुटली. सगळं चढलं तेव्हा एकला पाच मिनिटं होती. आता उघडून बघायचं, की फोन मोकळा ठेवायचा? मी काकांकडे बघितलं. त्यांनी फोनकडे बोट केलं. मी मोडेमची वायर काढून फोनला लावली आणि दोघं हात बांधून बसलो. पान उघडतंय की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

एक वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. लगेच उघडलं, बाई म्हणाल्या. चौथा पदर फार सुरेख आहे. मी डोळ्यांनीच काकांना होकार दिला. मग त्या म्हणाल्या, "पण हे कोणाचं काम आहे? पानावर नावच नाही."

लखलखणाऱ्या चित्रांबरोबर मी त्यांचं नावही पुसलं होतं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेवढंच नेमकं उडवलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. मी रिसीव्हर काकांच्या हातात दिला.

ते उठून उभे राहिले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव, गाव. पलीकडून पुन्हा विचारलं असावं. दुसऱ्यांदा त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्या 'श्री'खाली ते नाव लिहिलं, साध्या इंग्रजी अक्षरांत, चित्र न करता. पानावर त्याच्याइतकं हलकं दुसरं काहीच नव्हतं.