क्योबीने बदललेलं पाणी

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर शहरात रेल्वेरुळांमागे चार मजली इमारत आहे. तिचा केअरटेकर क्योबी चुडी. एकतीस वर्षं त्याने तिथला जिना असा लख्ख ठेवला, की पोस्टमनसुद्धा बूट पुसून वर चढायचा. कपडे धुण्याच्या खोलीत कुणी मशिनच्या जाळीत धाग्याचा गोळा ठेवून गेलं, तर क्योबी तो पाकिटात घालून त्याच्याच पत्रपेटीत टाकायचा.

फेब्रुवारीत मालक कंपनीची चिठ्ठी आली. फरशीखालून गरम पाणी फिरवणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या चाळीस वर्षं जुन्या झाल्यात, त्यांतलं पाणी तपासणार. नळ्या बाद ठरल्या तर फरशा फोडणार आणि सगळ्यांना बाहेर काढणार. बाहेर गेलेला भाडेकरू परत आत येत नाही, हे त्या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिसऱ्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या रोसली आम्मानने त्याला जिन्यातच गाठलं.

"क्योबी, पाणी नापास झालं तर मी कुठे जाऊ रे?"

"नाही होणार. मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच विचारते. माझा नळ रात्रंदिवस गळतोय, त्याचं काय केलंस?"

दोघं एकमेकांना 'तू' म्हणायची. तिकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला दारूच्या पेल्याला पेला लावावा लागतो, आणि एकदा लावला की ते मरेपर्यंत. यांचा लागला त्याला वीस वर्षं झाली होती.

क्योबीने तळघरात जाऊन नळीची चावी सोडली. पाणी शाईसारखं काळं, वर लोखंडाचा वास. तो शरमेने लाल झाला. परक्या माणसासमोर हे ठेवायचं? दोन दिवस खपून त्याने एकेक नळी रिकामी केली आणि नळाचं ताजं पाणी भरलं.

प्रयोगशाळेची बाई आली. तिने बाटली भरून उजेडात धरली. "फारच स्वच्छ आहे. हल्ली बदललंत का?"

"छे! आमच्याकडे सगळं असंच असतं," क्योबी छाती फुगवून म्हणाला.

तेवढं एकच वाक्य. अहवाल आला : पाणी नळाचं, ताजं. म्हणजे नळ्या कुठेतरी झिरपतात आणि वरून सारखी भर पडते. नळ्यांचं आयुष्य संपलं. सप्टेंबरअखेर इमारत रिकामी करावी.

त्या नळ्यांत पाणी जुनं, काळंच असावं लागतं. त्यातला प्राणवायू संपलेला असतो, म्हणून नळ्यांना जोडलेल्या बॉयलरचं लोखंड गंजत नाही. हे क्योबीला कळलं ते अहवाल वाचून. तो तसाच कंपनीच्या एगलॉफकडे धावला.

"पाणी मी बदललं. पुन्हा तपासा."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?" एगलॉफ हसला. "तपासू की. पण आता आत तुमचंच पाणी आहे. जुनं कुठून आणू?"

त्याच्या मागच्या भिंतीवर त्याच जागी उभ्या राहायच्या नव्या इमारतीचा नकाशा लावला होता. कोपऱ्यात तारीख गेल्या ऑक्टोबरची. नीच माणसं! पाण्याची बाटली भरायच्या आधीच यांनी घरं मोजून ठेवली होती.

शनिवारी धुण्याच्या खोलीत क्योबीने रोसलीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"त्यांचं आधीच ठरलं होतं गं. तारीख मी या डोळ्यांनी पाहिली."

"असेल," चादरीची घडी घालत ती म्हणाली. "पण त्यांच्या हातात कागद कुणी दिला?"

तिने घडीवर घडी घातली, टोपली उचलली, जाळी पुसली. दारात थांबून म्हणाली, "माझा नळ तेवढा दुरुस्त करा, चुडीसाहेब. घर परत देताना तुम्ही त्याचा खर्च माझ्या नावावर लिहाल, ते मला नको."

सोमवारी त्याने वायसर बदलला. नळ गळायचा थांबला. "आभारी आहे तुमची," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.