बाबांच्या आवाजाची रिक्षा

ते गाणं कोणतं, हे मी सांगणार नाही. जुन्या हिंदी सिनेमातलं आहे, तुम्हाला येतंच, आणि नाव घेतलं की तोंडात येईल. आमच्याकडे आता ते तोंडात आलं की पाठोपाठ कुणाचं तरी निवडणूक चिन्ह येतं. तेवढ्यासाठी नाव नकोच.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. बीड-वडवणी, बीड-चौसाळा, अशा गाड्यांवर त्यांची उमर गेली. आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडे, सडकेपासून थोडं आत. गल्लीच्या तोंडाशी चिंच आणि चिंचेपासून सातवं घर आमचं. ड्यूटी संपवून येताना बाबा चिंचेपाशी पोचले की त्या गाण्याची पहिली ओळ मोठ्यानं म्हणायचे. ती ऐकली की आई हातातलं काम टाकून उठायची आणि तवा ठेवायची. बाबांचे हातपाय धुऊन होईपर्यंत पहिली भाकरी ताटात पडलेली असायची.

नवं लग्न झालं तेव्हा घरात सासू, सासरे, तीन दीर. तेवढ्या माणसांत बायकोला हाक मारायची सोय नव्हती, म्हणून बाबांनी ही युक्ती काढली होती. पुढं आजी-आजोबा गेले, काका वेगळे निघाले, आम्ही तिघं भावंडं मोठी झालो, बाबा रिटायर होऊन शेताकडं जायला लागले. गाणं बदललं नाही. आम्ही चिडवायचो, "आई, ऊठ, भोंगा झाला." आई म्हणायची, "तुमच्या बापाला भूक लागली की सूर लागतो." उन्हाळ्यात माळवदाच्या गच्चीवर गाण्याच्या भेंड्या रंगायच्या, तेव्हा ते गाणं बाबांना शेवटपर्यंत बंद असायचं. त्यांनी ते म्हटलं की खेळ संपला आणि अंथरुणं घालायची, असा आमचा कायदा होता.

मग मागच्या निवडणुकीत समोरच्या पार्टीनं तीच चाल उचलली.

आमच्या बाजूनं 'समोरची' म्हणजे काय, ते सांगते. माझा भाऊ एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत मास्तर आहे. नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या नेमणुकीला सरकारी मान्यता नव्हती. मान्यतेचा प्रस्ताव संस्थेनं पाठवायचा असतो आणि त्यावर संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते. ते अध्यक्षच निवडणुकीला उभे होते. तेव्हा सगळ्या मास्तरांची पार्टी कोणती, हे विचारायचं काम नव्हतं. खडू खिशात घालून सगळे गावोगाव फिरत होते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

समोरच्यांची रिक्षा दिवसातून चार वेळा गल्लीतून जायची. बाबांची चाल, मधे ढोल, आणि आमच्या गाण्यातल्या चंद्राच्या जागी उमेदवाराचं नाव. बाबांना आधी गंमत वाटली. ते म्हणाले, "गाढवाला पट्टी जमंना." एके दिवशी ते शेतातून आले, चिंचेपाशी आपली ओळ म्हणाले, आणि पारावर अध्यक्षांची चार माणसं बसलेली होती. त्यातला एक हसत म्हणाला, "काय मामा, मास्तरचे वडील तुमी, आन् परचार तिकडचा?"

बाबाही हसले. पण रात्री जेवताना भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "बाबा, निवडणूक होवस्तोर ते गानं बंद ठिवा."

"आरं, माझं हाय ते. त्यायनी आत्ता घेतलंय."

"मला म्हाईत हाय. त्यायला न्हाई ना म्हाईत."

बाबांनी गाणं बंद ठेवलं. मुकाट्यानं चिंच ओलांडून यायचे. आईला कळायचंच नाही. भाकरी उशिरा व्हायची आणि दोघंही एकमेकांवर विनाकारण खेकसायचे.

अध्यक्ष निवडून आले, पण काठावर. कोणत्या गावातून किती मतं पडली हे आता लपून राहत नाही. आमच्या गावानं हात आखडता घेतला होता. त्यानंतर गावात सगळे जपून बोलायला लागले; बाबांचं गाणंही बंदच राहिलं. कोण कुणाच्या हॉटेलात चहा पितो, कुणाच्या दुकानातून खत आणतो, याच्याकडे लोक बघत. मी बीडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रक्त काढताना माणसं आधी माझं आडनाव विचारायची आणि मग बाही वर करायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. रागाबरोबर भीतीही वाटायची, ती मी कुणाला सांगितली नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं ते त्याच दिवसांत. मुलगा वडवणीकडचा, कार्यालय चौसाळ्याचं. भाऊ स्वतः पत्रिका घेऊन अध्यक्षांकडे गेला. ते म्हणाले, "येतो." आमच्याकडे पुढारी 'येतो' म्हणाला की मुहूर्त त्याच्या गाडीत बसतो. पत्रिकेत बारा पस्तीस छापलेलं असलं तरी नवरानवरी, भटजी आणि हजार माणसं हातात अक्षता घेऊन वाट बघतात. साहेब येणार, आशीर्वादाचे दोन शब्द बोलणार, मग मंगलाष्टकं. ही रीत कुणी सुरू केली देव जाणे. एकानं मोडावी असं प्रत्येकाला वाटतं, पण ती आपल्या पोरीच्या लग्नात मोडू नये.

दीड वाजला. अक्षता हातात चिकटायला लागल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींचे उपस्थित मान्यवर संपले. त्यांनी दोनदा स्वागत केलेल्यांचं तिसऱ्यांदा केलं. मग कुणीतरी म्हणालं, "नवरीच्या बापाला म्हनू द्या एखादं." भाऊ शाल-नारळ घेऊन बाहेर फाटकाशी उभा होता, नाहीतर त्यानं अडवलं असतं. मी स्टेजवर बहिणीच्या मागं होते. मी अडवू शकत होते. मला वाटलं, म्हणू देत, बहिणीचं रडणं तरी थांबेल.

बाबांनी एक भजन म्हटलं, एक लावणीच्या चालीचं काहीतरी म्हटलं. लोक खूश झाले. माईक हातात, डोक्यावर फेटा, समोर पहिल्या रांगेत नवी साडी नेसलेली आई. तिच्याकडे बघत बघत ते कधी त्या गाण्यावर गेले, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. कितीतरी महिने कोंडलेला आवाज होता तो. आईनं पदर तोंडाला लावला, पण ती हसत होती.

दुसऱ्या कडव्याला फाटकाकडची माणसं उठून उभी राहिली. पांढऱ्या गाड्या आल्या होत्या. बाबांचे डोळे आईवर होते, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. अध्यक्ष मंडपाच्या तोंडाशी थांबले, मागचे तीस जण थांबले, आणि शाल हातात धरलेला माझा भाऊ त्यांच्या शेजारी खाली मान घालून उभा राहिला. अध्यक्षांनी गाणं पूर्ण ऐकलं. संपल्यावर टाळ्याही वाजवल्या. मग मागच्या तिसांनी वाजवल्या.

भाषणात त्यांनी गाण्याचा विषयही काढला नाही. मुलीला सुखी संसाराचे आशीर्वाद दिले, पाण्याच्या योजनेचं सांगितलं. जाताना मात्र बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, आवाज लई भारी हाय तुमचा. आमाला म्हाईतच नव्हतं."

"असंच, सायेब. टाइमपास."

"हेच गानं कावून म्हनलं?"

"जुनं हाय, सायेब. लई जुनं हाय."

"हां. जुनं ते सोनं." ते हसले, आणि हसतच गाडीत बसले.

त्यानंतर काहीच झालं नाही. सगळ्यात वाईट हेच होतं. कुणी रागावलं असतं तर पाय धरता आले असते. भावाच्या बरोबरच्या दोघांचे प्रस्ताव महिनाभरात गेले, त्याचा राहिला. त्यानं क्लार्कला विचारलं, तर क्लार्क म्हणाला, "बघू." शाळेतले लोक त्याच्याशी नीट बोलायचे, जरा जास्तच नीट. एकदा दुपारी एक पांढरी गाडी चिंचेखाली तासभर उभी राहिली. काचा काळ्या, आत कोण ते दिसेना. ती निघून गेली तेव्हा आई म्हणाली, "कुनाची तरी वाट बगत आसंल." त्या दिवशी भाऊ जेवला नाही. बाबांना कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तरी ते घरात चोरासारखे वावरायचे. हात दगडाखाली मुलाचा आणि दगड ठेवला आपण, हे त्यांच्या मनातून जाईना.

पुढच्या निवडणुका लागायच्या आधी अध्यक्षांचा माणूस घरी आला. चहा घेतला, बहिणीची चौकशी केली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सायबांची इच्छा हाय मामा, आवंदा परचाराचं गानं तुमच्या आवाजात पायजे. तेच गानं. शब्द आपले. त्यांची चाल त्यांच्याच गळ्यात मारायची." दारात जाऊन चप्पल घालताना तो भावाला म्हणाला, "सरांचं बी काम होतंय की. सायबांनी ध्यानात ठिवलंय."

मी त्या दिवशी गावातच होते. तो गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, न्हाई म्हना. घसा बसलाय म्हना." भाऊ फरशीकडे बघत राहिला. मला त्याचा राग आला, आणि तो रात्रीतून कितीदा उठून पाणी पितो हे माहीत असल्यामुळं कीवही आली.

बाबा म्हणाले, "गानंच हाय. जीव तर न्हाई मागितला."

आईला वाचता येत नाही. तिनं कागद माझ्या हातात दिला. "वाच बरं, काय लिवलंय." मी वाचलं. विकास, गोरगरिबांचा वाली, बटण दाबा. ती मनातल्या मनात चाल लावत होती, ओठ हलत होते. शेवटी म्हणाली, "बसतंय चालीत." आणि ती गोठ्याकडे गेली.

रेकॉर्डिंग बीडला, एका गाळ्यात होतं. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेले होते. बाबांना मीच घेऊन गेले. कानाला मोठे हेडफोन लावून ते हातात कागद धरून काचेपलीकडे उभे राहिले. म्युझिक सुरू झालं आणि त्यांच्या तोंडून जुनेच शब्द निघाले. थांबवलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा जुनेच शब्द. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे कागदावरून काढले नाहीत आणि नीट म्हटलं. ऑपरेटर म्हणाला, "काका, थोडं हसत म्हना, आनंदाचं हाय." चौथ्यांदा ते हसत म्हणाले. परतताना मी विचारलं, उसाचा रस घेऊ या का. ते म्हणाले, नको, घरी जाऊ.

भावाचा प्रस्ताव गेला. मान्यताही आली. तो पेढे घेऊन आला, बाबांच्या पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. मी पेढा खाल्ला. ज्या भाकरीसाठी हे चाललं होतं ती माझ्या भावाच्या पोरांची होती, तेव्हा तोंड वाकडं करायचा हक्क मला नव्हता. तरी दुसरा घेतला नाही, हेही खरं आहे.

आता बाबा शेतातून येताना चिंचेपाशी नुसतं खोकतात. कधी तेही विसरतात.

मागच्या रविवारी मी गावी होते. प्रचार सुरू झाला होता. दुपारची जेवणं होऊन गेली होती; बाबा बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, आई उंबऱ्यात डाळ निवडत होती. आमचं बहिणीच्या सासूबद्दल काहीतरी बोलणं चाललं होतं. तेवढ्यात चिंचेपासून आवाज आला. बाबांचा आवाज, मोठा, पट्टी चढवलेला, हसरा. पहिली ओळ.

आई बोलता बोलता उठली. सूप बाजूला ठेवलं, आत गेली, गॅस पेटवून तवा ठेवला आणि परातीत पीठ घेतलं. मी बघतच राहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं; रोजचं काम करताना असतो तसा चेहरा होता. हात पिठात घातला, तेव्हा ती थांबली.

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"आगं," ते म्हणाले, "मी हितंच हाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. आवाज जवळ येत होता, एकेक घर ओलांडत. बाबा पुन्हा काहीतरी म्हणाले, पण तेव्हा रिक्षा आमच्या दारात होती आणि मला ते ऐकू आलं नाही.