आई पुन्हा गायली ते गाणं

काल जयपूरच्या राजा पार्कमधल्या एका दुकानात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचं एक गाजलेलं गाणं लागलं आणि मी तिथेच थबकले.

बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली, त्याच्या आदल्या वर्षी माझा तान्हा भाऊ गेला होता. घरभर गुणगुणणारी आई तेव्हापासून गप्पच झाली होती. एका दुपारी ती कैऱ्या चिरत बसली होती. शेजारच्या भाभीजींच्या टेपवर हेच नाचरं गाणं वाजत होतं. आईच्या तोंडून नकळत एक ओळ निघाली आणि तिने चटकन ओठ मिटले.

भाभीजी खिडकीतून म्हणाल्या, "गाइए ना, दीदी! जिसने ये गाया, उसकी माँ उसी हफ़्ते गुज़री थी।"

"आणि तरी गायली?" आईने मलाच विचारलं. मग विळी बाजूला सारून तिने अख्खं गाणं म्हटलं. डोळे वाहत होते, पण सूर ढळला नाही. मी वेडी, आनंदाने टाळ्या वाजवत होते.

गाजलेल्या गाण्यांच्या अशा कितीतरी कहाण्या तेव्हा कानावर यायच्या. ही खरी होती का, कोण जाणे. आता वाटतं, भाभीजींनी ती तिथल्या तिथे रचलीही असेल. आईला धीर सगळ्यांनीच दिला होता. गायला हरकत नाही, हे मात्र भाभीजींनीच सांगितलं.