रिकाम्या रकान्यात मी लिहिलेलं ‘हो’

बेसबॉलचा एकही सामना मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तरी दोन वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या ऑफिसात बसून, अमेरिकेतल्या एका क्लबने कोणती मुलं घ्यावीत, याची यादी मी करत होतो.

तिकडची पद्धत अशी. जूनमध्ये सगळे क्लब ओळीने एकेका खेळाडूचं नाव घेतात, आदल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेला सर्वांत आधी. सगळ्यांचं एकदा झालं की पुढची फेरी. शाळेतली, कॉलेजातली मुलं. ज्या क्लबने नाव घेतलं त्याच्याशी करार करायचा, नाहीतर शाळकरी मुलाने सरळ कॉलेजला जायचं. आमच्या क्लबचं धोरण सावध होतं. पहिल्या फेऱ्यांत कॉलेजची, पारखलेली मुलं घ्यायची आणि मग इतरांच्या नजरेतून सुटलेला एखादा शाळकरी मुलगा उचलायचा. तो सुटलेला मुलगा शोधायचं काम आमच्या कंपनीने क्लबला करून दिलेल्या प्रोग्रॅमचं, म्हणजे माझं.

क्लबचे स्काउट गावोगाव गाडीने फिरून मुलं पाहायचे आणि फॉर्म भरून पाठवायचे. मार्चपासून ते फॉर्म येऊ लागत. कोणी अर्धवट भरलेले, कोणी वजन उंचीच्या जागी लिहिलेले. दिवसभर ते नीट करून घरी गेलो की बायकोशी बोलायचंही त्राण नसे. ती तिथल्या कॉलेजात नर्सरी शिक्षिकेचा कोर्स करत होती. जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद कापत बसलेली असायची. क्लबचं काम टिकलं तर आम्ही रीडिंगला राहणार, माझ्या हातून ते गेलं तर पुण्याला परत. माझं तिथे राहण्याचं परमिटच त्या कामावर होतं. तिचा कोर्स पुढच्या मार्चमध्ये संपायचा होता.

त्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता: घेतलं तर मुलगा करार करेल का? निम्म्या स्काउटांनी तो कोरा सोडलेला. कोरं ठेवलं तर प्रोग्रॅम अडत होता, म्हणून मी एक ओळ लिहिली. रकाना रिकामा असेल तर ‘हो’ धरायचं.

शेजारी बसणारा सहकारी इंग्लंडमध्येच जन्मलेला, आईवडील मूळचे सोलापूरचे. माझ्याशी हट्टाने मराठी बोलायचा. त्याने ती ओळ पाहिली.

“दादा, पण कोणी त्याला आस्क केलं का?”

“अरे, एवढ्या मोठ्या क्लबला नाही कोण म्हणेल?”

“लोक म्हणतात, दादा. मी केंब्रिजला नाही म्हटला. नॉटिंगहॅमला गेला.”

“का?”

“कॅम्पस बेटर होता. आणि आई फार पुश करत होती.”

मला वाटलं, थट्टा करतोय. आमच्या तालुक्यात कॉलेजच्या यादीत नाव लागलं की जायचं असतं. माझं नाव लागलं तेव्हा वडिलांनी, जे स्वतः चौथीपर्यंत शिकले होते, आधी गल्लीत पेढे वाटले आणि मग मला विचारलं, “हे नक्की कशाचं शिक्षण रे?” मलाही धड सांगता आलं नाही. शाखा मी मागितलेली नव्हती, गाव कधी पाहिलेलं नव्हतं. तरी गेलो, आणि त्या जाण्याचे उपकार अजून मानतो. नाही म्हणता येतं, हे त्या वयात माझ्या डोक्यातच आलं नसतं.

जूनमध्ये निवड झाली. चौथ्या फेरीत आमच्या यादीत सर्वांत वर एका लहान गावातला पिचर, चेंडू फेकणारा मुलगा होता, डावखुरा. बाकीच्या क्लबांनी तो तीन फेऱ्या सोडून दिलेला. मला आनंद झाला. लहान गावातला म्हणून कोणाला दिसला नाही, माझ्या यादीने त्याला पाहिलं. क्लबने त्याचं नाव घेतलं. ऑफिसात केक आला.

ऑगस्टच्या अखेरीस तो करार न करता कॉलेजला निघून गेला. त्याला सुरुवातीपासून डॉक्टर व्हायचं होतं. बाकीच्या क्लबांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी त्याला सोडलं होतं. आमची चौथी फेरी वाया गेली. क्लबचा फोन ठरला त्या रात्री मी बायकोला एवढंच सांगितलं, की त्या रकान्यात ‘हो’ मीच धरलं होतं.

फोनवर क्लबचे साहेब होते, आमचे मॅनेजर आणि आम्ही दोघं.

“त्या भागाचा आमचा स्काउट म्हातारा झालाय,” साहेब म्हणाले. “त्याने ‘हो’ लिहिलं कसं? यंदा त्याला घरी बसवतो.”

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. गप्प राहा, असा अर्थ. सहकारी पेनाचं टोपण काढत-लावत होता.

“त्यांनी काही लिहिलं नव्हतं,” मी म्हणालो. “रकाना कोरा होता. ‘हो’ मी धरलं.”

मग साहेबांनी विचारलं, “सगळ्यांचंच?” मी म्हटलं, “सगळ्यांचंच.”

म्हातारा स्काउट राहिला. कामही आमच्या कंपनीकडेच राहिलं, फक्त त्यावर मी नको, असं क्लबने संध्याकाळपर्यंत कळवलं. सप्टेंबरअखेरीला पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. दोन तिकिटं ऑफिसने लगेच काढली.

घरी येऊन मी बायकोला फोनवर झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “खोक्यांची यादी करायला घेऊ. तुझ्या कॉलेजला मी पत्र लिहून टाकतो.”

तिने कात्री खाली ठेवली.

“अहो, मला विचारलंत का?”

मी बसलो. खरंच विचारलं नव्हतं.

“तुम्ही खरं बोललात ते बरंच केलंत,” ती म्हणाली. “पण माझा कोर्स मी अर्धा टाकणार नाही. स्टुडंट म्हणून राहता येतं का, ते मी कालच कॉलेजात विचारून आले. होईल म्हणाले. वर्गातल्या एकीकडे खोली आहे.”

“कालच? फोन तर आज झाला.”

“तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला कालही माहीत होतं.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतका थकलो होतो की फक्त हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन करून मी दोनातलं एक तिकीट रद्द करायला सांगितलं.